प्रोसेसरच्या विशेष आज्ञा आणि कंपायलरचा बॅकएंड

नव्या प्रोसेसरची घोषणा होते तेव्हा त्याच्या अंगी असलेल्या विशेष आज्ञांची नामावळी मोठ्या अभिमानाने वाचून दाखविली जाते. परंतु सामान्य प्रोग्रामरने सी भाषेत लिहिलेल्या साध्या मजकुरातून, त्याने स्वतः काही वेगळे न करता, त्यांपैकी किती आज्ञा खरोखर वापरात येतात, हा प्रश्न क्वचितच विचारला जातो. त्याचे उत्तर देण्याचा भार प्रोसेसरच्या रचनाकारापेक्षा कंपायलरच्या ज्या भागास बॅकएंड म्हणतात त्याची घडण करणाऱ्या, बहुधा अनाम राहणाऱ्या, अभियंत्यांवर असतो. हे काम महाराष्ट्रात झालेले आहे, पुण्यात झाले आहे, पवईस झाले आहे. आणि नांदेड-लातूरच्या विद्यार्थ्याने त्यात हात घालण्यास आज कोणतीही खरी आडकाठी उरलेली नाही, अशी माझी धारणा असल्यामुळे या सबंध प्रश्नाचा येथे थोडा विस्ताराने परामर्श घेण्याचे योजिले आहे.

कंपायलरचा पुढचा भाग भाषेचे व्याकरण तपासतो, मधला भाग कोणत्याही यंत्राशी बांधील नसलेल्या मध्यम रूपात प्रोग्रामची छाटणी व पुनर्रचना करतो, आणि शेवटचा भाग, म्हणजे बॅकएंड, त्या मध्यम रूपास विशिष्ट प्रोसेसरच्या आज्ञांत उतरवितो: कोणती आज्ञा निवडावी, कोणते मूल्य कोणत्या रजिस्टरात ठेवावे, आणि आज्ञांचा क्रम कसा लावावा, ही तिन्ही कामे त्याच्याच अखत्यारीत येतात. निजामी अमदानीत मराठवाड्याचे महसुली दप्तर उर्दूत चाले. शेतकरी आपले गाऱ्हाणे मराठीत सांगे आणि मुन्शी ते सरकारी नमुन्यात बसवून देई. हैदराबादेहून एखादा नवा नमुना छापून आला आणि पाच अर्जांचे काम त्यात एकाच अर्जात भागत असले, तरी तो कोणत्या गाऱ्हाण्यास लागू पडतो, त्यासोबत कोणते दाखले जोडावे लागतात, आणि तो दाखल केल्याने आधीची कोणती नोंद रद्दबातल होते, हे मुन्शीस पक्के अवगत होईपर्यंत तो नमुना कचेरीच्या कपाटातच पडून राहणार. नव्या आज्ञेच्या बाबतीत बॅकएंडला याच तीन गोष्टी शिकवाव्या लागतात, आणि तिन्हींत चूक करण्यास भरपूर वाव असतो.

इतिहासात डोकावले तर असे दिसते, की प्रारंभी प्रोसेसरचे रचनाकार उंची आज्ञा देण्यात धन्यता मानीत आणि कंपायलर त्यांचा उपयोग करील असे गृहीत धरीत. व्हॅक्स या सुप्रसिद्ध संगणकात ॲरेमधील घटकाचा पत्ता काढणारी, आणि तो मर्यादेत आहे की नाही हेही तपासणारी, ‘इंडेक्स’ नावाची एक आज्ञा होती. परंतु १९८० साली पॅटरसन आणि डिट्झेल यांनी रिस्क, म्हणजे मोजक्या व साध्या आज्ञांच्या, पद्धतीचा कैवार घेणारा आपला लेख प्रसिद्ध केला तेव्हा त्यांनी दाखवून दिले, की व्हॅक्स-११/७८० या यंत्रावर तेच काम अनेक साध्या आज्ञांनी केल्यास ते ४५ टक्के अधिक वेगाने होते. आयबीएममध्ये जॉन कॉक यांच्या ८०१ या प्रकल्पामागील विचारही असाच होता: कंपायलरला ज्या आज्ञा सहज निवडता येतील त्याच प्रोसेसरात असाव्यात. यातून एक मूलभूत तत्त्व हाती आले, ते असे, की आज्ञेचे मूल्य तिच्या सामर्थ्याइतकेच तिच्या निवडीच्या सुलभतेवर अवलंबून असते.

हे तत्त्व विसरल्याचे फळ काय मिळते याचा एक दाखला आपल्या घराजवळचा आहे. १९८८ साली पुण्यात सी-डॅकची स्थापना झाली आणि डॉ. विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली १९९१ मध्ये परम-८००० हा महासंगणक सिद्ध झाला. तो इन्मॉसच्या ट्रान्सप्युटरांवर उभारलेला होता. त्याच्या पुढच्या परम-८६०० या आवृत्तीत इंटेलचा आय-८६० हा प्रोसेसर योजण्यात आला. कागदावर आय-८६०ची गणनशक्ती त्या काळी थक्क करणारी होती. परंतु त्याच्या पाइपलाइनयुक्त आज्ञांचा शिरस्ता असा विलक्षण, की एखाद्या बेरजेच्या आज्ञेत जे रजिस्टर उत्तरासाठी नमूद करावयाचे त्यात त्या बेरजेचे उत्तर येत नसे. काही आज्ञांपूर्वी सुरू झालेल्या बेरजेचे उत्तर येत असे. शिवाय पूर्णांकाची एक आणि अपूर्णांकाची एक अशा दोन आज्ञा जोडीने चालविण्याची सोयही प्रोग्रामकर्त्यानेच जुळवावयाची होती. असेंब्लीत निष्णात मनुष्याने महिनोन्महिने खपून लिहिलेल्या थोड्या गणिती उपकार्यक्रमांतून ही शक्ती प्रकट होई. सामान्य फोर्ट्रान प्रोग्राम कंपायलरमधून गेला, की तिचा अल्पांशच पदरी पडे, आणि हा अनुभव जगभर आला. ज्या पिढीने परमवर प्रोग्राम लिहिले तिला बॅकएंडचे महत्त्व कोणी पटवून देण्याची आवश्यकता उरली नाही.

विशेष आज्ञा उपयोगात आणण्याचे मार्ग ढोबळमानाने चार. प्रोग्राममध्येच असेंब्लीचा तुकडा घुसविणे हा पहिला. तो त्वरित साधतो, परंतु त्या तुकड्याच्या आत काय आहे हे कंपायलरला कळत नाही, आणि कोणती रजिस्टरे त्यात बिघडतात हे हाताने लिहून देण्यात एक अक्षर चुकले तरी दोष दुसऱ्याच ठिकाणी उगवतो. इंट्रिन्सिक, म्हणजे दिसावयास सामान्य फंक्शनसारखे पण प्रत्यक्षात एकेका आज्ञेस बांधलेले नाव, हा दुसरा. यात रजिस्टरांचे वाटप कंपायलरच्या हाती राहते, परंतु प्रोग्राम मात्र त्या एका प्रोसेसरशी जखडला जातो. तज्ज्ञांनी एकदाच लिहून ठेवलेल्या ग्रंथालयावर विसंबणे हा तिसरा मार्ग. चौथा, आणि माझ्या दृष्टीने खरा राजमार्ग, असा, की प्रोग्रामरने आपला आशय साध्या भाषेत लिहावा आणि त्यात विशेष आज्ञेचा आकार दडलेला आहे हे बॅकएंडने आपण होऊन ओळखावे. पहिले तीन मार्ग त्याज्य आहेत असे मुळीच नव्हे. नव्या प्रोसेसरच्या पहिल्या वर्षात दुसरा उपायच नसतो. पण जी आज्ञा कायम इंट्रिन्सिकच्या अवस्थेत राहते तिचा लाभ मूठभर जाणकारांपुरताच उरतो.

ही ओळख पटविण्याचे शास्त्र सत्तरच्या दशकाच्या अखेरीपासून आकाराला आले. ॲरिझोना विद्यापीठात जॅक डेव्हिडसन आणि ख्रिस्तोफर फ्रेझर यांनी असा विचार मांडला, की प्रत्येक आज्ञेचा परिणाम रजिस्टरांच्या परिभाषेत लिहून ठेवावा, लागोपाठच्या दोन-तीन आज्ञांचे परिणाम एकत्र गुंफून पाहावेत, आणि तो गुंफलेला परिणाम एखाद्या एकाच आज्ञेच्या वर्णनाशी जुळला तर ती तेथे बसवावी. रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८७ मध्ये जीसीसी हा मुक्त कंपायलर प्रसिद्ध केला तेव्हा त्याचे आरटीएल हे अंतर्गत रूप याच विचारावर आधारलेले होते, आणि ‘कंबाइन’ नावाचा त्यातील टप्पा आजही हेच गुंफण्याचे काम करतो. पुढे इलिनॉय विद्यापीठात ख्रिस लॅटनर यांनी, मुंबईच्या आय.आय.टी.चे पदवीधर प्रा. विक्रम अडवे यांच्या मार्गदर्शनाखाली, एलएलव्हीएमची उभारणी केली. त्यात प्रत्येक आज्ञेची एकच नोंद करावयाची असते. तिचे अंकीय रूप, तिची कार्यमूल्ये, असेंब्लीतील लेखन आणि ती ज्या आकारास लागू पडते तो आकार, एवढे त्या नोंदीत लिहिले, की असेंब्लर, डिसअसेंब्लर आणि आज्ञा निवडणारे यंत्र तिन्ही त्यातून तयार होतात. जीसीसीच्या बाबतीत असेंब्लर हा बिनयुटिल्स या वेगळ्या प्रकल्पाचा भाग असल्याने तीच आज्ञा दोन दप्तरांत दोनदा नोंदवावी लागते. नवशिक्यास एलएलव्हीएम सोपे जाते, यात संशय नाही; तरीही आज्ञेचा अर्थ म्हणजे काय हे मनात स्पष्ट होण्यास जीसीसीचे आरटीएल वाचण्यासारखे दुसरे शिक्षण नाही, असे मला वाटते.

आता प्रत्यक्ष काम कसे असते ते एका उदाहरणावरून जवळून पाहू. हिताचीने निर्मिलेल्या आणि पुढे रेनेसासकडे गेलेल्या सुपरएच या प्रोसेसर-घराण्यात एसएच-२ए नावाची एक शाखा आहे. मोटारींतील व कारखान्यांतील नियंत्रकांसाठी ती योजलेली. रेनेसासच्या एच-८ आणि सुपरएच प्रोसेसरांसाठी जीसीसीच्या साधनांची जोपासना दीर्घकाळ पुण्याच्या केपीआयटी कमिन्स इन्फोसिस्टिम्स या कंपनीने केली, आणि एसएच-२एच्या विशेष आज्ञांचा जीसीसीत समावेश होण्यात तेथील अभियंत्यांचा वाटा आहे. या आज्ञांपैकी एक कुटुंब एकेका बिटाशी व्यवहार करणारे आहे. ‘बीसेट’ ही आज्ञा मेमरीतील एका बाइटचा नेमका एक बिट चढविते. ‘बीक्लिअर’ तो उतरविते. अशी आज्ञा नसती तर बाइट मेमरीतून रजिस्टरात आणणे, त्यावर ‘किंवा’ ही तार्किक क्रिया करणे, आणि परत मेमरीत ठेवणे, अशा तीन आज्ञा लागल्या असत्या. आणि त्या तिहींच्या मध्येच एखादा इंटरप्ट आला आणि त्याने त्याच बाइटमध्ये फेरफार केला, तर तो फेरफार पुसला गेला असता. एका आज्ञेत काम झाल्याने जागाही वाचते आणि ही आपत्तीही टळते.

वरकरणी पाहता हे काम अर्ध्या पानाचे वाटते: बाइटमध्ये तोच बाइट आणि एक स्थिरांक यांची ‘किंवा’ करून ठेवली तर बीसेट द्यावी, असे वर्णन लिहिले की झाले. परंतु स्थिरांकात एकच बिट चढलेला असला पाहिजे. दोन बिट चढविणाऱ्या स्थिरांकास ही आज्ञा चालत नाही, म्हणून तशी अट लिहावी लागते. मेमरीचा पत्ता एक रजिस्टर आणि त्यापासून १२ बिटांत मावेल एवढे अंतर, याच आकाराचा असला पाहिजे, म्हणून पत्त्याची स्वतंत्र कसोटी लिहावी लागते. आणि खरी ग्यानबाची मेख पुढेच आहे. नियंत्रकाच्या प्रोग्राममध्ये बिट चढविण्या-उतरविण्याचे काम मुख्यतः यंत्राच्या पोर्टांवर होते. ते पोर्ट सी भाषेत ‘व्होलाटाइल’ म्हणून घोषित करावे लागतात, कारण त्यांचे मूल्य प्रोग्रामच्या नकळत बदलू शकते. आणि जीसीसीचा कंबाइन हा टप्पा, अर्थ बिघडू नये म्हणून, व्होलाटाइल मेमरीच्या वाचन-लेखनास हात लावण्याचे सामान्यतः टाळतो. म्हणजे ज्या ठिकाणी ही आज्ञा सर्वाधिक उपयोगाची, नेमक्या त्याच ठिकाणी ती कधी निवडली जात नाही. यावर उपाय म्हणजे कंबाइनच्या भरवशावर न राहता, ‘किंवा’ या क्रियेचे विस्तारण होत असतानाच हा आकार ओळखणे, आणि त्यासाठी सामान्य कसोटीहून निराळी, परंतु या आज्ञेच्या बाबतीत सुरक्षित, अशी मेमरीची कसोटी लिहिणे. जीसीसीच्या मार्गदर्शिकेत ‘एम-बिटऑप्स’ हा जो पर्याय एका ओळीत नोंदलेला आढळतो, त्या ओळीच्या पाठीमागे विचारांची एवढी मालिका आहे.

त्याच एसएच-२एची आणखी एक विशेष आज्ञा निराळ्या प्रकारची आहे. इंटरप्ट आला असता रजिस्टरांची मूल्ये एका राखीव रजिस्टर-संचात प्रोसेसर स्वतःच जपून ठेवतो, आणि ‘रेसबँक’ या एका आज्ञेने ती परत आणतो. हा आशय सी भाषेतील कोणत्याही पदावलीतून ओळखता येणे शक्य नाही. तो एका फंक्शनच्या आरंभाशी आणि शेवटाशी निगडित आहे. म्हणून तेथे फंक्शनला जोडावयाचे एक विशेषण निर्माण करण्यात आले. कोणती आज्ञा आपोआप ओळखावी, कोणती विशेषणाने मागवावी, आणि कोणती इंट्रिन्सिकवर सोडून द्यावी, याचा निवाडा हाच या विद्येतील खरा विवेक होय.

पवईची कथा याहून वेगळी, पण तितकीच उद्बोधक आहे. आय.आय.टी. मुंबईत प्रा. माधव देसाई यांच्या चमूने विकसित केलेला ‘अजित’ हा प्रोसेसर २०१९ मध्ये जाहीर झाला. त्याच्या निर्मात्यांनी स्वतःची आज्ञासंहिता न रचता स्पार्कची आठवी आवृत्ती स्वीकारली. इस्रो आणि चंदीगडची सेमीकंडक्टर लॅबोरेटरी यांनी मार्च २०२५ मध्ये पुढे आणलेला कल्पना-३२०१ हाही त्याच संहितेवर आधारलेला आहे. या स्वीकारामागील शहाणपण उघड आहे: स्पार्कसाठी जीसीसी, असेंब्लर, डीबगर, सारे काही आधीच सिद्ध होते. त्याच वेळी पुढे आलेल्या विक्रम-३२०१ या प्रोसेसरची आज्ञासंहिता मात्र इस्रोची स्वतःची. त्यासाठी एडा भाषेचा कंपायलर, असेंब्लर, लिंकर आणि सिम्युलेटर ही सर्व साधने संस्थेलाच घरी घडवावी लागली, आणि सी भाषेच्या कंपायलरचे काम तेव्हा चालू होते. दोन निर्णयांची ही तुलना विद्यार्थ्यांपुढे आवर्जून ठेवण्यासारखी आहे.

तथापि, तयार बॅकएंड मिळाला म्हणून बॅकएंडची चिंता मिटते असे नाही. स्पार्कच्या सातव्या आवृत्तीत पूर्णांकांच्या गुणाकाराची व भागाकाराची आज्ञाच नव्हती; ती आठव्या आवृत्तीत आली. जीसीसीस प्रोसेसर सातव्या आवृत्तीचा आहे असे सांगितले तर गुणाकारासाठी तो एका उपकार्यक्रमास हाक मारतो, आठव्या आवृत्तीचा आहे असे सांगितले तर एकच आज्ञा देतो. मार्गदर्शिकेच्या म्हणण्यानुसार या दोन पर्यायांत फरक आहे तो एवढाच. सिलिकॉनमध्ये गुणाकाराचे यंत्र बसविलेले असूनही एका पर्यायाच्या अभावी ते निष्क्रिय राहू शकते. पुढे जेव्हा असा प्रोसेसर ६४-बिटी पूर्णांकांच्या किंवा एकाच वेळी अनेक लहान संख्यांवर चालणाऱ्या आज्ञांनी वाढविला जातो, तेव्हा त्या आज्ञा पहिल्यांदा असेंब्लरला, मग रजिस्टरांच्या जोड्या सांभाळणाऱ्या वाटपकाराला, आणि शेवटी निवडकाराला शिकवाव्या लागतात. असेंब्लरपाशीच थांबलेले काम अर्धे काम समजावे.

काही आज्ञा अशा आहेत, की त्यांचा आशय व्यक्त करण्यास भाषेतच सोय नसते. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीची भूमी हादरली. त्या धक्क्याची ज्यास झळ लागली त्या लातूर-धाराशिवच्या प्रदेशास भूकंपमापकाचे महत्त्व वेगळे सांगावयास नको. अंकीय भूकंपमापकात भूमीच्या कंपनाचे नमुने अखंड येत राहतात, आणि त्यांतून नको ते कंपन गाळण्यासाठी प्रत्येक नमुन्यास एका गुणकाने गुणून आधीच्या बेरजेत मिळविण्याची क्रिया असंख्य वेळा करावी लागते. संकेत-प्रक्रियेच्या प्रोसेसरांत म्हणूनच गुणाकार आणि बेरीज एकाच आज्ञेत होते, आणि बेरीज मर्यादेबाहेर गेली तर ती उलटून ऋण होण्याऐवजी कमाल मूल्यापाशी थांबते. गुणाकार-बेरजेची जोडी कंपायलरला सहज दिसते. कमाल मूल्यापाशी थांबणाऱ्या बेरजेस मात्र सी भाषेत चिन्हच नाही. प्रोग्रामर ती तुलना आणि शाखांच्या आधारे लिहितो, आणि प्रत्येक जण निराळ्या रीतीने लिहितो. एम्बेडेड सी या विस्ताराने त्यासाठी स्वतंत्र प्रकार दिले. जीसीसीच्या अंतर्गत परिभाषेत आणि एलएलव्हीएमच्या मध्यम रूपात या बेरजेस आता स्वतःचे स्थान आहे. तरीही गावोगावच्या जुन्या प्रोग्रामांतील लेखनपद्धती ओळखण्याचे काम शिल्लक आहे, आणि ते पांडित्यापेक्षा चिकाटीचे काम आहे.

या गणिताची निकड आपल्या भागात आता वाढणार आहे. नांदेडला लागून असलेल्या हिंगोली जिल्ह्यात, औंढा नागनाथच्या परिसरात, लायगो-इंडिया ही गुरुत्वीय तरंगांची वेधशाळा उभी राहत असून केंद्रीय मंत्रिमंडळाने एप्रिल २०२३ मध्ये सुमारे २६०० कोटी रुपयांच्या तरतुदीसह तिला मंजुरी दिली. गोंगाटात बुडालेला क्षीण तरंग पूर्वरचित नमुन्यांशी ताडून पाहण्याच्या पद्धतीचा पाया पुण्याच्या आयुकात प्रा. संजीव धुरंधर आणि बी. एस. सत्यप्रकाश यांनी घातला. आणि ती पद्धत प्रत्यक्षात म्हणजे फूरिए रूपांतरे आणि गुणाकार-बेरजा यांची प्रचंड रास आहे. इंटेलच्या २०१३ च्या हॅसवेल प्रोसेसरांपासून आलेल्या संयुक्त गुणाकार-बेरजेच्या आज्ञा येथे उपयोगी पडतात. मात्र त्यांत मधल्या गुणाकारास पूर्णांकन होत नसल्याने उत्तर शेवटच्या अंकात बदलू शकते, आणि कंपायलरने ती आपोआप योजावी की नाही हा प्रश्न वेगाचा न राहता वैज्ञानिक प्रामाण्याचा होतो. जीसीसी सामान्यतः ती योजतो. काटेकोर मानकाचा पर्याय दिल्यास योजीत नाही. ज्याच्या हाती निरीक्षणाची आकडेमोड आहे त्यास हे ठाऊक असलेच पाहिजे.

चुकीच्या वर्णनाचे परिणाम फार सावकाश प्रकट होतात, ही या कामातील सर्वांत कठीण बाब होय. एखादी आज्ञा आपले मुख्य काम करताना स्थितिदर्शक बिटही बदलते, आणि वर्णनात त्याचा उल्लेख राहून गेला, असे समजा. बहुतेक प्रोग्राम बिनतक्रार चालतील. मग एखाद्या दिवशी तुलना आणि तिच्यावर आधारलेली शाखा यांच्या मधोमध क्रमकार ही आज्ञा आणून ठेवील, शाखा चुकीच्या दिशेस वळेल, आणि तीही केवळ वरच्या पातळीचे ऑप्टिमायझेशन चालू असताना. तो दोष शोधणारा मनुष्य आपल्या प्रोग्रामला दोष देत राहील, कारण कंपायलर चुकतो हे प्रथमदर्शनी कोणाच्या मनात येत नाही. म्हणून प्रत्येक नव्या आज्ञेसोबत दोन प्रकारच्या चाचण्या जोडण्याचा प्रघात आहे: आज्ञा अपेक्षित ठिकाणी निवडली जाते याची, आणि, माझ्या मते अधिक महत्त्वाची, जेथे ती निवडली जाता कामा नये तेथे ती निवडली जात नाही याची.

जिल्ह्याच्या ठिकाणच्या प्रयोगशाळांस एक व्यावहारिक पेच विशेष भेडसावतो. तेथे नवी आणि दहा-बारा वर्षांची जुनी यंत्रे एकाच खोलीत नांदत असतात. नव्या यंत्रावर ‘याच प्रोसेसरसाठी’ असा पर्याय देऊन कंपाइल केलेला प्रोग्राम जुन्या यंत्रावर नेला, की ‘इल्लीगल इन्स्ट्रक्शन’ एवढीच ओळ दाखवून तो बंद पडतो. एकाच फंक्शनच्या दोन-तीन आवृत्त्या तयार करून चालविताना योग्य ती निवडण्याची सोय जीसीसीच्या सहाव्या आवृत्तीपासून एका विशेषणाने मिळते. तिचा प्रसार आपल्याकडे फार थोडा झाला आहे.

शिक्षणाच्या अंगाने पाहता, आपल्या बहुतेक अभ्यासक्रमांत कंपायलर हा विषय शब्दपृथक्करण आणि व्याकरण यांत इतका गुंततो, की प्रात्यक्षिके लेक्स आणि याक यांच्यापुढे क्वचितच सरकतात. बॅकएंडचे प्रकरण सत्राच्या शेवटी घाईने उरकले जाते. याला एक सन्मान्य अपवाद पवईस घडला. आय.आय.टी. मुंबईच्या जीसीसी संसाधन केंद्रात प्रा. उदय खेडकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी असे ओळखले, की जीसीसीतील प्रत्यक्ष प्रोसेसरांची वर्णने हजारो ओळींची असल्याने विद्यार्थी तेथेच गांगरतो. त्यांनी मिप्सच्या स्पिम या सिम्युलेटरसाठी पायरीपायरीने वाढणारी वर्णने रचली: पहिल्या पायरीस केवळ पूर्णांकांची साधी नेमणूक करता येईल एवढेच वर्णन, पुढच्या पायरीस अंकगणित, त्यापुढे फंक्शनची हाक, मग अटीनुसार वळणाऱ्या शाखा. प्रत्येक पायरीस कंपायलर उभा राहतो आणि आपल्या मर्यादेपुरता खरा प्रोग्राम कंपाइल करून दाखवितो. या केंद्राच्या कार्यशाळांतून ही पद्धत देशभरच्या अध्यापकांपर्यंत पोचली. बॅकएंडच्या अध्यापनात याहून विचारपूर्वक केलेला प्रयत्न माझ्या पाहण्यात नाही.

नांदेडच्या विष्णुपुरीस १९८१ पासून चालू असलेली श्री गुरू गोविंदसिंगजी अभियांत्रिकी व तंत्रज्ञान संस्था, स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ आणि त्याचे लातूर उपकेंद्र, तसेच लातूरची अभियांत्रिकी महाविद्यालये व तंत्रनिकेतने, या सर्वांना आज या पद्धतीचा पुढचा टप्पा खुला आहे. २०१० साली बर्कलीत आरंभ झालेल्या रिस्क-फाइव्ह या मुक्त आज्ञासंहितेत आज्ञांच्या अंकीय अवकाशाचा काही भाग वापरणाऱ्याच्या स्वतःच्या आज्ञांसाठी मुद्दाम राखून ठेवलेला आहे. मद्रास आय.आय.टी.चा शक्ती आणि सी-डॅकच्या तिरुअनंतपुरम केंद्राचा वेगा हे दोन्ही प्रोसेसर याच संहितेचे. एप्रिल २०२२ मध्ये केंद्र सरकारने डिजिटल इंडिया रिस्क-फाइव्ह हा कार्यक्रमही जाहीर केला. २०२१ मध्ये या संहितेत एकेका बिटाच्या आज्ञांचा जो अधिकृत विस्तार मान्य झाला त्यातही ‘बीसेट’ या नावाची आज्ञा आहे. फरक इतका, की ती मेमरीवर न चालता रजिस्टरावर चालते, आणि म्हणून पुण्याच्या अभियंत्यांस पडलेले व्होलाटाइलचे कोडे येथे उद्भवतच नाही. सुपरएच आणि रिस्क-फाइव्ह यांची ही दोन वर्णने शेजारी ठेवून वाचणे हा पदवीच्या तिसऱ्या वर्षास उत्तम स्वाध्याय होईल. चिप लागत नाही. क्यूएमू किंवा स्पाइक हा सिम्युलेटर पुरतो. एलएलव्हीएम सबंध बांधण्यास साध्या यंत्रावर कित्येक तास आणि पुष्कळ मेमरी लागते, परंतु एकाच प्रोसेसरचा बॅकएंड बांधण्याचा पर्याय दिला, की तो भार बराच उतरतो.

आज्ञेचा समावेश एकदा झाला, की काम संपले, असा समज मात्र कोणी करून घेऊ नये. जीसीसीची नवी प्रमुख आवृत्ती आता दरवर्षी निघते आणि तिच्या अंतर्गत यंत्रणेत फेरफार होत राहतात. स्थितिदर्शक बिटांचे वर्णन करण्याची एक जुनी रीत जीसीसीने बाराव्या आवृत्तीपर्यंत पूर्णपणे काढून टाकली, आणि ती रीत वापरणाऱ्या प्रत्येक बॅकएंडचे पुनर्लेखन करणे भाग पडले. आर्डुइनोच्या पाटीवरील ज्या एव्हीआर प्रोसेसरावर आपले पदविकेचे विद्यार्थी पहिला दिवा लुकलुकविण्यास शिकतात, त्याचाही बॅकएंड या तडाख्यात वगळला जाण्याच्या बेतात होता. अनेकांनी वर्गणी काढून बक्षीस लावले, एकाने चिकाटीने पुनर्लेखन पुरे केले, आणि तो टिकला. नॅशनल सेमीकंडक्टरच्या सीआर-१६ या प्रोसेसरचा बॅकएंड केपीआयटीने जीसीसीस दिला होता. त्याची देखभाल करणारे कोणी उरले नाही, तेव्हा तो आधी कालबाह्य ठरविण्यात आला आणि नंतर वगळण्यात आला. अजितसारख्या प्रोसेसरच्या वाढीव आज्ञा जोवर एखाद्या संस्थेच्या स्वतंत्र प्रतीत आहेत तोवर त्या एका विशिष्ट जुन्या आवृत्तीशी बांधलेल्या राहतात, आणि त्या मूळ प्रकल्पात दाखल झाल्या तरी दर वर्षीच्या आवृत्तीपूर्वी चाचण्यांचा सबंध संच चालवून उद्भवलेले दोष निस्तरणारी दोन-तीन माणसे कायम नेमलेली असावी लागतात. अशा नेमणुकीस पुण्या-मुंबईचीच कचेरी लागते असे नाही. विष्णुपुरीच्या प्रयोगशाळेतील एक यंत्र, अखंड वीज आणि बऱ्यापैकी इंटरनेट, एवढ्यावर ते काम चालू शकते.